ल्याँ की म्युनिक? अणुभट्टीच्या भीतीवर माझं लांबलचक उत्तर

तू विचारलंयस की ल्याँ आणि म्युनिक दोन्हीकडून ऑफर आहे, पण आई म्हणते फ्रान्समध्ये सगळी वीज अणुभट्टीची, दीड वर्षाचं बाळ घेऊन तिथे कशाला जाता, जर्मनीने तर सगळ्या बंद केल्या. तर मी आधी म्युनिकला तीन वर्षं होतो (२०१४ ते १७), तेव्हापासून ल्याँला, म्हणजे दोन्हीकडची बिलं भरलेली आहेत. अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

आधी आईंचं. सगळी नाही, पण फ्रान्समध्ये साधारण दोन तृतीयांश वीज खरंच अणुऊर्जेची, जगात इतकं प्रमाण कुठेच नाही. १९७३ ला तेलाचे भाव भडकले, ह्यांच्याकडे ना तेल ना गॅस, कोळसा होता तोही संपत आलेला, मग १९७४ ला मेस्मेर पंतप्रधान असताना ठरवलं आणि पुढच्या पंधराएक वर्षांत धडाधड भट्ट्या उभ्या केल्या. आता ५७ आहेत. भारतात हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास. मी मूळ बोईसरचा, तारापूरची भट्टी १९६९ पासून आमच्या शेजारी आणि तरी लहानपणी लोडशेडिंगमध्ये मेणबत्तीवर अभ्यास केलाय, त्यामुळे भट्टी जवळ असली म्हणजे काय होतं (आणि काय होत नाही!) हे मला कोणी सांगू नये.

बरं, आजूबाजूला बघ. ऑस्ट्रियाने त्स्वेंटेनडॉर्फला अख्खं केंद्र बांधलं आणि १९७८ ला जनमत घेतलं, ५०.५ टक्के लोक नको म्हणाले, ते एक दिवसही चालू झालं नाही. इटलीने चेर्नोबिलनंतर १९८७ ला मतदान करून १९९० पर्यंत सगळं बंद केलं, आणि आता तिकडे जी वीज बाहेरून येते त्यात फ्रान्सची भरपूर असते. अणुविजेचं प्रमाण स्लोव्हाकियात साठ टक्क्यांच्या आसपास, फिनलंड चाळीस, स्पेन वीस, पोलंड शून्य पण कोळसा दणक्यात. आणि ह्या सगळ्यांच्या तारा एकमेकांना जोडलेल्या आहेत, त्यामुळे म्युनिकला चहा ठेवलास तरी त्यात थोडी फ्रेंच अणुवीज असू शकते.

जर्मनीने फुकुशिमानंतर २०११ ला ठरवून शेवटच्या तीन भट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद केल्या हे खरं. पण मी तिथे होतो तेव्हा म्युनिकपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर इझार-२ ही भट्टी जोरात चालू होती. शिवाय गार्चिंगला, जिथे यू-६ मेट्रो संपते त्याच कॅम्पसवर, संशोधनाची छोटी अणुभट्टी आहे. आईला हे सांगू नकोस, नाहीतर म्युनिकही जायचं हातचं.

ल्याँचं म्हणशील तर बुजेचं केंद्र रोन नदीवर तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे, हवा स्वच्छ असली की पूर्वेला वाफेचे ढग दिसतात. वीस किलोमीटरच्या आतल्या लोकांना आयोडीनच्या गोळ्या (अपघात झालाच तर घ्यायच्या) फुकट मिळतात, फार्मसीतून आणून कपाटात ठेवायच्या. ल्याँ शहर त्या वर्तुळाच्या बाहेर आहे, पण घर स्वस्त म्हणून बुजेजवळच्या लोयेत गावाकडे गेलास तर आत येशील. आणि महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी बाराला धोक्याचा भोंगा वाजतो, तो देशभर टेस्टचा असतो, माझी बायको पहिल्यांदा पोराला उचलून जिन्यातच गेली होती.

भीतीपेक्षा भरवसा हा प्रश्न मोठा आहे असं माझं मत. २०२२ ला पाइपात गंजाच्या भेगा सापडल्या, एकाच वेळी निम्म्याच्या आसपास भट्ट्या बंद, आणि एरवी वीज विकणारा फ्रान्स त्या वर्षी विकत घेत होता. हिवाळ्यात वीज कापावी लागेल अशी तयारी चालू होती, शेवटी कापली नाही ती गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात रोनचं पाणी तापलं की बुजेला उत्पादन कमी करावं लागतं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये उत्तरेला ग्रावलिनला जेलीफिश पंपात अडकून चार भट्ट्या बंद पडल्या, हे मी बनवून सांगत नाहीये.

आता तुझ्या खिशाचं. जर्मनीत घरगुती युनिट अंदाजे ४० सेंट, इथे त्याच्या निम्म्याच्या जरा वर. पण लगेच खूश होऊ नकोस, कारण वीज मुबलक म्हणून इथे लाखो घरांत हीटिंगच विजेवर आहे, भिंतीवरचे ते पातळ हीटर, इथले लोक त्याला टोस्टर म्हणतात. म्युनिकला माझं हीटिंग गॅसवर होतं आणि भाड्यासोबतच जायचं. इथे पहिल्या जानेवारीचं बिल बघून मी मीटर बिघडलाय म्हणून तक्रार करणार होतो, मीटर ठीक होता, खिडक्या गळत होत्या. म्हणून घर बघताना ए ते जी असा एनर्जी ग्रेड जाहिरातीत लिहिलेला असतो तो आधी बघ, डी च्या खाली जाऊ नकोस. जी ग्रेडचं घर तर २०२५ पासून नव्याने भाड्याने देताच येत नाही, कोणी देत असेल तर तिथून पळ. गीझर मोठी टाकी असते, ती रात्रीच्या स्वस्त दरात तापते, कारण भट्ट्या रात्रीही चालूच. आता सोलर वाढल्यामुळे त्यातले काही तास दुपारी सरकवतायत.

आणि कनेक्शन घेताना ६ केव्हीए की ९ विचारतात, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढता येईल ती मर्यादा. मी पैसे वाचवायला ६ घेतलं. पहिल्याच थंडीत हीटर चालू, इंडक्शनवर कुकर, ओव्हन लावलेला, आणि बायकोने खोबऱ्याच्या चटणीला मिक्सर फिरवला, अख्खं घर अंधारात, मी मोबाइलच्या उजेडात मीटरचं बटण शोधतोय आणि आत कुकरची शिट्टी अर्धवट. विजेवरचं हीटिंग असेल तर सरळ ९ घे.

व्हिसा आणि पाळणाघराचं वेगळं विचार, ते इथे मावणार नाही.