वायझेड १२५ : पेट्रोलमध्ये कुठलं ऑइल, गिअरबॉक्समध्ये कुठलं?

तुमचा प्रश्न असा : सेकंडहँड यामाहा वायझेड १२५, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर पळवायची टू-स्ट्रोक बाइक घेतली, मॅन्युअल सोबत आलं नाही, आधीच्या मालकाने दोन्हीकडे काय टाकलं होतं ते माहीत नाही. नाना पेठेतला दुकानदार गिअरबॉक्समध्ये 'नव्वद नंबर' टाका म्हणतो. ओळखीचे एक काका पेट्रोलमध्ये लिटरला पन्नास मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) टाका म्हणतात, आणि मित्र म्हणतो आजच्या सिंथेटिकला लिटरला सोळा-सतरा मिली पुरे. सायलेन्सरमधून काळं टपकतंय, म्हणून तुमचा कल मित्राकडे आहे.

तिघांचंही ऐकू नका. का ते सविस्तर सांगतो, कारण इथे दर दोन-तीन महिन्यांनी हाच प्रश्न येतो आणि उत्तरात नुसती ब्रँडची नावं मिळतात.

आधी हे पक्कं करा की या दोन ऑइलचा एकमेकांशी संबंध नाही. पेट्रोलमधलं ऑइल क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनखालच्या खोलीतून, जाताना क्रँकची बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोकं, पिस्टन आणि रिंग भिजवतं आणि शेवटी जळून बाहेर पडतं. त्याला जळायचंच आहे. गिअरबॉक्समधल्या ऑइलला जळणाची धगही लागत नाही, पण त्यातच क्लचप्लेट बुडालेल्या असतात आणि त्यातच गिअरचे दात एकमेकांना घासतात. या दोन खोल्यांच्या मधे क्लचच्या बाजूचं एक रबरी ऑइल सील आहे, बस. त्याच्याबद्दल शेवटी लिहितो.

गिअरबॉक्सचं आधी उरकतो, ते सोपं आहे. इथे ऑइल गिअरसाठी निवडायचं नसतं, क्लचसाठी निवडायचं असतं. सरळ दात्यांच्या छोट्या गिअरना कुठलंही बरं ऑइल चालतं. क्लचला चालत नाही. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' हे शब्द शोधा. जासो हे ऑइलचं जपानी मानक. ऑइलमध्ये बुडालेला, म्हणजे ओला क्लच त्या ऑइलमुळे घसरत नाही याची ती चाचणी आहे, आणि एमए२ मध्ये पकड अधिक. १०डब्ल्यू-४० (हा घट्टपणाचा नंबर), एमए२, फोर-स्ट्रोक मोटरसायकलचं ऑइल : वायझेडला यामाहा स्वतः याच जातीचं सांगते. खास टू-स्ट्रोक गिअरबॉक्ससाठीही ऑइल मिळतात, मोतुलचं ट्रान्सऑइल एक्स्पर्ट १०डब्ल्यू-४० हे त्यातलंच. मिळालं तर घ्या, नाही मिळालं म्हणून अडून बसू नका. केटीएमच्या दोनशे-तीनशे सीसी टू-स्ट्रोकवाल्यांनी १५डब्ल्यू-५० बघावं, त्यांचं मॅन्युअल तेच सांगतं.

पुण्यात एक सापळा आहे. घरोघरी स्कूटर, त्यामुळे दुकानात पटकन हाती लागतो तो १०डब्ल्यू-३० चा स्कूटरचा डबा. त्यावर बहुतेक वेळा 'एमबी' लिहिलेलं असतं. स्कूटरला ओला क्लच नसतो, म्हणून ते ऑइल मुद्दाम निसरडं केलेलं असतं. तुमच्या क्लचला ते विष. गाडीच्या, म्हणजे चारचाकीच्या पेट्रोल इंजिनाच्या पातळ ऑइलचीही तीच गोष्ट. 'एनर्जी कन्झर्व्हिंग' किंवा 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' शिक्का दिसला की परत ठेवा.

आता नव्वद नंबर. लोकांना वाटतं नव्वद म्हणजे भयंकर घट्ट. तसं नाही. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. एसएई ९० गिअर ऑइल गरम असताना साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच घट्ट असतं. अडचण घट्टपणाची नाही, आत काय घातलंय त्याची आहे. दुकानात मिळणारं नव्वद बहुधा ट्रक-जीपच्या डिफरन्शियलसाठी असतं, जीएल-५ दर्जाचं. प्रचंड दाबाखाली घासणाऱ्या तिरप्या दातांना वाचवण्यासाठी त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं असतात. ती क्लचप्लेटच्या अस्तरावर बसतात आणि क्लच गुळगुळीत होतो. दुकानदार खोटं बोलत नाही, त्याचं अर्धं गिऱ्हाईक टेम्पोवाल्यांचं असतं.

महाग ऑइल घालून वर्षभर चालवण्यापेक्षा मध्यम किमतीचं घालून लवकर बदला. गिअरच्या दातांत ऑइलचे लांब रेणू अक्षरशः चिरडले जातात आणि ४० चं ३० व्हायला वेळ लागत नाही. शिवाय क्लचची धूळ आणि ॲल्युमिनियमची भुकटी त्यातच फिरत राहते, कारण बहुतेक टू-स्ट्रोक गिअरबॉक्सला फिल्टर नसतो. दहा-पंधरा तासांच्या रायडिंगला एकदा बदललं तरी खर्च फार नाही, या गाडीत लिटरही मावत नाही. पावसाळ्यात मुळशी-पानशेतकडे ओढे पार करत असाल तर घरी आल्यावर तपासा. ब्रीदरच्या नळीतून पाणी शिरतं. ऑइल दुधाळ दिसलं तर लगेच काढा. पाण्यात न जाताही दुधाळ झालं तर वॉटर पंपाचं सील गेलंय.

आता पेट्रोलमधलं. वाद इथेच होतात.

डब्यावर 'जासो एफडी' बघा, निदान 'एफसी'. एफबी जुन्या काळाचं. एफसी आणि एफडीमध्ये वंगणाची आणि धुराची अट सारखीच आहे. एफडीला इंजिन आतून स्वच्छ ठेवण्याची परीक्षा जास्त कडक. तुमच्या गाडीला एक्झॉस्टमध्ये पॉवर व्हॉल्व्ह (फेऱ्यांप्रमाणे एक्झॉस्टचं तोंड लहानमोठं करणारी झडप) आहे आणि त्यावर काजळी-डिंक बसला की तो अडकतो, म्हणून मी एफडीवर भर देतो. 'टीसी-डब्ल्यू३' मात्र नको. हर्णै-मालवणकडचे मित्र बोटीच्या इंजिनाचं ते ऑइल स्वस्तात देतात. ती इंजिनं समुद्राच्या पाण्याने थंड चालतात आणि ऑइल त्या तापमानासाठीच बनवलेलं असतं. तुमचा पिस्टन त्यापेक्षा कितीतरी तापतो.

मग ते महागडं 'रेसिंग' ऑइल? इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. मोतुलचंच उदाहरण घ्या, कारण दोन्ही इथे मिळतात. ७१० चा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान, शंभर अंशांच्या आत आहे, ८०० ऑफ रोडचा अडीचशेच्या घरात. ८०० हे पूर्ण थ्रॉटलवर सतत धावणाऱ्या इंजिनासाठी आहे, तिथे ते उत्तमच. २०२४ च्या जानेवारीत बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस झाला, तो ज्यांनी पाहिला त्यांना थ्रॉटल कसा उघडतात ते कळलं असेल. आपण रविवारी सकाळी दगडातून दुसऱ्या गिअरमध्ये रांगतो. एक्झॉस्ट तेवढा तापतच नाही, ऑइल जळत नाही आणि काळा चिकटा होऊन सायलेन्सरच्या टोकाला येतं. ट्रेलवाल्याला ७१० किंवा त्या दर्जाचं कुठलंही एफडी सिंथेटिक जास्त लागू पडतं. आणि ८०० फक्त प्रीमिक्ससाठी, म्हणजे आधीच पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी आहे. आरएक्स १०० वाल्यांनी ते ऑटोल्यूबच्या (पंपाने आपोआप ऑइल सोडणाऱ्या) वेगळ्या टाकीत ओतू नये.

एरंडेलाचं ऑइल? वास अप्रतिम, वंगणही उत्तम. पण डिंक धरतं आणि दर आठवड्याला इंजिन न उघडणाऱ्याने त्याच्या नादी लागू नये.

प्रमाण. यामाहा वायझेडला ३०:१ सांगते, म्हणजे लिटरला ३३ मिली. ३२:१ ला ३१ मिली, ४०:१ ला २५, ५०:१ ला २०. काकांचे ५० मिली म्हणजे २०:१, तो जुन्या मिनरल ऑइलच्या काळातला हिशोब आहे. मित्राचं ६०:१ काही केटीएमच्या मॅन्युअलमध्ये खरंच आहे, पण ती वेगळी इंजिनं, मोठी आणि कमी फेऱ्यांवर ताकद देणारी. १२५ ला ताकद हवी तर फेऱ्या खेचाव्या लागतात, आणि फेऱ्या वाढल्या की ऑइलची गरज वाढते. मी तुमच्या जागी ३२:१ वर राहीन. पाच लिटरला १५५ मिली. मेडिकलमधून साठ मिलीची सिरिंज आणा, झाकणाने मोजणं सोडा.

'पण टपकतंय ना!' टपकण्याचं कारण प्रमाण नाही, जेटिंग आहे, म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या भोकांचं, जेटचं, माप. ऑइल कमी केलं की टपकणं थोडं कमी होतं, पण आत पिस्टनला वंगण कमी पडतं आणि मूळ दोष तसाच राहतो. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार आहे. पायलट जेट (कमी थ्रॉटलचा) मोठा असेल, कार्बोरेटरची सुई वर असेल, इंजिन गरम न होता रांगत असेल, तर काळं येणारच. आधी ते बघा.

उलट बाजूने एक भीती घातली जाते : ऑइल वाढवलं की मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), गाडी सीझ होते, म्हणजे पिस्टन तापून अडकतो. तत्त्वतः बरोबर, कारण जेटमधून ऑइल जेवढं जातं तेवढं पेट्रोल कमी जातं. पण हिशोब करून बघा. ५०:१ मध्ये पेट्रोल ९८ टक्के, ३०:१ मध्ये ९६.८. फरक सव्वा टक्क्याचा. याच लोकांना पंपावरच्या ई२० ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, काळजी वाटत नाही! शुद्ध पेट्रोलला किलोमागे साधारण १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्याच जेटवर मिश्रण जवळजवळ आठ टक्के लीन. तुमच्या गाडीचा मूळ जेट निवडला तेव्हा हे पेट्रोल कुणी गृहीत धरलं नव्हतं. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि एप्रिलची दुपार चाळीस अंशांची. या दोन्हींनी हवा विरळ होऊन थोडं उलट, रिचकडे (पेट्रोल जास्त) जातं. म्हणून कुणाचा जेट नंबर जसाच्या तसा उचलू नका, आपल्या गाडीचा प्लग वाचा, म्हणजे स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघा.

ई२० चा दुसरा त्रास ओलाव्याचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी पुरेसं झालं की ते दोघं मिळून पेट्रोलपासून सुटून तळाला बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये महिनाभर पडलेलं प्रीमिक्स गाडीत घालू नका, लागेल तेवढंच बनवा. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, त्यामुळे बहुतेकजण रोजच्या बाइकच्या टाकीतून काढतात. काढा, पण कॅन धातूचा किंवा पेट्रोलसाठीचा जाड प्लास्टिकचा घ्या, पाण्याची बाटली नको. ओतण्याआधी दर वेळी हलवा. आणि वायझेडला ऑइल पंप नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, भावाने प्रेमाने साधं पेट्रोल भरलं तर बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलाच.

(टेकड्यांवर गाडी घालू नका एवढंच मधे सांगतो. वेताळ टेकडी फिरायला येणाऱ्यांची आहे. आपली गाडी रस्त्याला पासिंग नसलेली, छोट्या हत्तीत टाकून खासगी ट्रॅकवर न्या.)

आता ते सील. सेकंडहँड गाडीत हे तपासल्याशिवाय ऑइलच्या ब्रँडवर चर्चा करण्यात अर्थ नाही. क्लचच्या बाजूचं क्रँक सील फाटलं की इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून जाळतं : पांढुरका धूर थांबत नाही, प्लग ओला, बाहेर कुठेही गळती नाही आणि तरी गिअरबॉक्सची पातळी उतरते. तुमचं काळं टपकणं यातूनही येत असू शकतं. दुसऱ्या, मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं तर तिथून हवा शिरते, मिश्रण लीन होतं आणि थ्रॉटल सोडल्यावरही फेऱ्या पटकन खाली येत नाहीत. हे दुसरं जास्त धोक्याचं. तसं दिसलं तर गाडी लगेच बंद करा.

तर या आठवड्यात एवढं करा. इंजिन थोडं गरम करून गिअरबॉक्सचं ऑइल काढा, किती निघालं ते मोजा, ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घाला. एमए२ भरताना आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. यामाहाची जुनी मॅन्युअल नेटवर मिळतात, मॉडेलचं वर्ष जुळवून बघा. टाकीतलं जुनं मिश्रण काढून टाका, ३२:१ चं ताजं भरा, नवा प्लग लावा आणि गाडी नीट गरम करून अर्धा तास चालवा. मग प्लगचा फोटो इथे टाका, सोबत मेन आणि पायलट जेटवर कोरलेले आकडे आणि निघालेलं ऑइल किती मिली होतं तेही लिहा. जेटचं त्यावर बोलू.