वाचकांचे प्रश्न : खासदाराने सभागृहात नेमके काय केले?

खासदारांच्या हजेरीचे आणि प्रश्नांचे आकडे अधिवेशन संपले की मोबाइलवर फिरू लागतात. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत.

प्रश्न : आमच्या खासदारांनी एका विधेयकावर बाजूने मत दिले की विरोधात, हे शोधूनही सापडत नाही. ही माहिती लपवतात का?

लपवत नाहीत. बहुतेक वेळा ती नोंद तयारच झालेली नसते. आपल्या संसदेत साधी विधेयके सहसा आवाजी मतदानाने मंजूर होतात. पीठासीन अधिकारी (लोकसभेत अध्यक्ष, राज्यसभेत सभापती) बाजूचे आणि विरोधातले सदस्य कोण ते विचारतात, आवाजाचा अंदाज घेतात आणि निकाल सांगतात. कोणी ‘हो’ म्हटले आणि कोण गप्प बसले, याचा कागद उरत नाही. त्यामुळे ‘अमुक खासदाराने या कायद्याला पाठिंबा दिला’ असे ठासून सांगणारा संदेश आला, तर आधी मतविभाजन, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, झाली होती का ते विचारावे.

सदस्यांनी निकालाला आव्हान दिले की मतविभाजन होते. लोकसभेत आधी सभागृहालगतची लॉबी मोकळी केली जाते, साडेतीन मिनिटे घंटा वाजते, मग दारे बंद होतात आणि प्रश्न पुन्हा मतास टाकला जातो. पुन्हा आव्हान आले तर यंत्राने किंवा चिठ्ठ्यांनी मते नोंदवतात. यात एक पळवाट आहे. मतविभाजनाची मागणी अनावश्यक आहे असे अध्यक्षांना वाटले, तर ते सदस्यांना जागेवर उभे करून नुसती डोकी मोजू शकतात. तेव्हा आकडा मिळतो, पण नावे नोंदली जात नाहीत.

मागणी केली की मतविभाजन मिळतेच, असेही नाही. 20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत कृषी विधेयके आली तेव्हा विरोधकांनी ते मागितले होते. गोंधळ चालू होता, सदस्य आपापल्या जागेवर नाहीत, असे कारण पुढे आले आणि विधेयके आवाजी मतदानाने मंजूर झाली. इतका गाजलेला कायदा, पण त्या दिवशी राज्यसभेत कोण कुठे उभे होते याची नावनिशीवार यादी नाही.

घटनादुरुस्तीचे तसे नाही. अनुच्छेद 368 नुसार सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश, अशा दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. त्यासाठी मोजणी लागतेच. महिला आरक्षणाचे विधेयक 20 सप्टेंबर 2023 रोजी लोकसभेत 454 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झाले, त्यातले प्रत्येक नाव तपासता येते.

प्रश्न : मतविभाजन झाले असेल तर यादी कुठे आणि कशी शोधायची?

संसदेच्या ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर विधेयकांच्या विभागात आधी ते विधेयक काढा आणि त्या सभागृहाने ते मंजूर केल्याची तारीख टिपून घ्या. मग वादविवादांच्या विभागात त्याच तारखेचे इतिवृत्त उघडा आणि थेट चर्चेच्या शेवटाकडे जा. मंत्र्यांच्या उत्तरानंतर दुरुस्त्या, मग विधेयकाचा एकेक खंड (कलम) आणि शेवटी ‘विधेयक मंजूर करावे’ हा प्रस्ताव येतो. यादी तिथेच असते.

घोटाळा साधारण चार ठिकाणी होतो. पहिला तारखेचा. बैठक मध्यरात्रीनंतर चालली तरी इतिवृत्त ती सुरू झाली त्या दिवसाच्या नावाने असते. वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत 288 विरुद्ध 232 असे मतदान झाले तेव्हा 3 एप्रिल 2025 उजाडला होता, पण बैठक 2 एप्रिलची होती. दुसरा नावाचा. लोकसभेच्या यादीत आडनाव आधी येते आणि मराठी आडनावांचे रोमन स्पेलिंग दर वेळी तेच असेल असे नाही, म्हणून आडनावाचा तुकडा टाकून शोधा. तिसरा घोटाळा मोठा : एकाच विधेयकावर अनेक मतविभाजने होऊ शकतात. एखादी दुरुस्ती फेटाळण्याच्या यादीतले नाव पाहून ‘विधेयकाला विरोध’ असा निष्कर्ष काढला की सगळेच उलटे होते. यादीच्या आधी कोणता प्रस्ताव मतास टाकला होता, ते वाक्य वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. चौथा आकड्यांचा. यंत्रावर लगेच दिसणारी संख्या ‘दुरुस्तीस अधीन’ असते. ज्यांचे मत नोंदले गेले नाही किंवा चुकीचे बटण दाबले गेले, ते चिठ्ठीने दुरुस्ती करतात. बातमीतला आकडा आणि इतिवृत्तातला आकडा वेगळा दिसला तर इतिवृत्त धरावे.

बाजूने आणि विरोधात यांखेरीज ‘तटस्थ’ अशीही नोंद होते. ज्याचे नाव कुठेच नाही तो गैरहजर होता, की सभात्याग करून बाहेर गेला होता, हे यादीवरून कळत नाही. त्यासाठी त्याच्या पक्षाने मतदानाआधी सभात्याग केला का, ते इतिवृत्तात पाहावे लागते.

प्रश्न : पक्षादेशच (व्हिप) असतो, तर खासदाराच्या मताला अर्थ काय उरला?

प्रश्न रास्त आहे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीची तरतूद, आली. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गेलाच नाही, आणि पक्षाने 15 दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने 1992 साली किहोटो होलोहन प्रकरणात ही तरतूद वैध ठरवली. मात्र असा आदेश विश्वासमतापुरता आणि पक्षाच्या मूळ धोरणाच्या विषयांपुरता असावा, असेही सुचवले. व्यवहारात पक्ष कशावरही आदेश काढतात.

म्हणून मतांची यादी वाचताना बहुतेकदा आपण पक्षाची भूमिका वाचत असतो. तिच्यात पाहण्यासारखे असते ते वेगळेपण : पक्षाच्या रांगेत न दिसणारे नाव. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयी सरकार 269 विरुद्ध 270 असे एका मताने पडले. त्या दिवशी सैफुद्दीन सोझ यांनी आपल्या पक्षाच्या, नॅशनल कॉन्फरन्सच्या, आदेशाविरुद्ध मत दिले आणि पक्षाने त्यांना काढून टाकले. अशी उदाहरणे विरळा. आदेश मोडल्यावर निकाल पीठासीन अधिकारी देतात आणि त्याला किती वेळ लागू शकतो, हे महाराष्ट्राने विधानसभेत जून 2022 ते जानेवारी 2024 या काळात पाहिलेच आहे.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत गुप्त मतदान असते आणि पक्षादेश चालत नाही. तिथले ‘आमच्या खासदाराचे मत’ फक्त अफवेतच सापडते.

प्रश्न : हजेरी 95 टक्के म्हणजे खासदार चांगला समजायचा का?

हजेरी म्हणजे फक्त एक नोंद. बराच काळ ती नोंदवहीतल्या सहीने होत असे, लोकसभेत 2025 पासून ती जागेवरच्या यंत्रावरही होऊ लागली. दैनिक भत्ता या नोंदीशी जोडलेला आहे. तो 1 एप्रिल 2023 पासून 2,500 रुपये झाला. हजेरी लावून दहा मिनिटांत बाहेर पडलेला आणि रात्री उशिरापर्यंत बसलेला, दोघेही सारखेच ‘हजर’. मंत्री, पीठासीन अधिकारी आणि विरोधी पक्षनेते यांना हजेरी लावावी लागत नाही, त्यामुळे त्यांच्या नावापुढे रिकामी जागा दिसली तर ती दांडी समजू नये.

टक्केवारी कमी दिसली तरी कारण पाहा. पोटनिवडणुकीने आलेल्याचे दिवस मुळातच कमी असतात. डिसेंबर 2023 मध्ये दोन्ही सभागृहांतून मिळून 146 खासदार निलंबित झाले, त्यांना तेव्हा आत बसताच येत नव्हते. आणि 17 वी लोकसभा पाच वर्षांत 274 दिवसच बसली, हेही ध्यानात ठेवा. 95 टक्के कशाचे, हा प्रश्न निम्मे उत्तर देऊन जातो.

प्रश्न : एका खासदाराचे शेकडो प्रश्न, दुसऱ्याचे जेमतेम 40. तुलना करावी का?

नुसत्या संख्येची नको. लोकसभेत एका दिवसासाठी 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात. एका सदस्याचे दिवसाला जास्तीत जास्त पाच लागतात, त्यांतला एकच तारांकित. कोणाचा नंबर लागतो हे सोडतीने ठरते. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, म्हणून मध्येच मंत्री झालेल्याचा आकडा तिथेच थांबतो.

खरी गंमत पुढे आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केले जातात आणि एकाच प्रश्नाखाली पाच-सहा नावे छापली जातात. मोजताना तो प्रत्येकाच्या खात्यावर एकेक धरला जातो. काही खासदारांची तीच ती नावे अधिवेशनभर एकत्र दिसतात, मजकूरही शब्दशः तोच. एकाच कार्यालयातून सगळ्यांच्या प्रश्नांचे अर्ज जात असावेत असा संशय येणारच. म्हणून पाच-दहा प्रश्न उघडून पाहावेत : नाव एकट्याचे आहे का? वर्षनिहाय, राज्यनिहाय आकडे मागितले आहेत, की ‘सरकार काय पावले उचलत आहे’ एवढेच विचारले आहे? पुढच्या अधिवेशनात त्याच विषयाचा पाठपुरावा दिसतो का? तीन अधिवेशने एकाच कालव्याच्या मागे लागलेला खासदार, मला तरी, 300 विषयांना हात लावणाऱ्यापेक्षा उजवा वाटतो.

उत्तरात ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे आले तर ते आश्वासन धरले जाते. ते तीन महिन्यांत पुरे करायचे असते आणि सरकारी आश्वासन समिती त्याचा हिशेब ठेवते. आपल्या खासदाराला पत्र लिहायचे असेल, तर अशा लटकलेल्या उत्तराचा क्रमांक आणि तारीख देऊन लिहा. टाळणे अवघड जाते.

डिसेंबर 2005 मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल लोकसभेच्या 10 आणि राज्यसभेच्या एका सदस्याला काढून टाकले गेले. त्यांचेही प्रश्न आकड्यांत मोजले गेलेच होते.

प्रश्न : ‘चर्चेतील सहभाग’ या आकड्यात काय काय येते?

बरेच काही. शून्य प्रहरातले (तातडीचे विषय मांडायच्या वेळेतले) एका मिनिटाचे निवेदन आणि अर्थसंकल्पावरचे पंचवीस मिनिटांचे भाषण, दोन्ही एकेकच. लोकसभेच्या नियम 377 खाली सदस्य एखादा विषय मांडतो तो मजकूरही यात धरतात, तो तर जास्तीत जास्त 250 शब्दांचा. वेळ नसेल तेव्हा लिखित भाषण सभागृहाच्या पटलावर ठेवण्याची परवानगी मिळते. ते छापले जाते, बोललेले मात्र कोणी नसते. बोलण्याचा वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो, त्यामुळे मोठ्या पक्षातल्या मागच्या बाकावरच्याला संधी कमी आणि एक-दोन खासदारांच्या पक्षाला वारंवार, पण दोन-तीन मिनिटांचीच. कामकाजातून काढून टाकलेले शब्द इतिवृत्तात नसतात, मग मोबाइलवर त्यांची चित्रफीत कितीही फिरो.

प्रश्न : खासगी विधेयके जास्त मांडणारा खासदार अधिक कामाचा का?

मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले ते खासगी विधेयक. स्वातंत्र्यापासून अशी 14 विधेयके दोन्ही सभागृहांत मंजूर झाली, शेवटचे 1970 मध्ये. त्यांच्यासाठी शुक्रवारचे शेवटचे अडीच तास असतात. बहुतेक विधेयके मांडली जातात आणि चर्चेला न येताच राहतात, आलीच तर मंत्र्यांच्या उत्तरानंतर मागे घेतली जातात. खासदाराचा कल कळायला ती वाचावीत, यशाचे माप म्हणून नव्हे.

प्रश्न : समित्यांचे काम कुठे दिसते?

आकड्यांच्या तक्त्यात सहसा दिसत नाही, हीच त्या तक्त्यांची मोठी उणीव. विभागांशी संबंधित 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत 31 सदस्य : लोकसभेचे 21, राज्यसभेचे 10. मंत्री त्यांत नसतात. बैठका बंद दाराआड होतात, पण अहवालाच्या शेवटी जोडलेल्या इतिवृत्तात कोण हजर होते त्यांची नावे असतात. तिथे आपल्या खासदाराचे नाव शोधा, आणि भिन्नमतपत्रिका (अहवालाशी असहमत सदस्याचे टिपण) जोडली असेल तर ती आधी वाचा. तिथे खासदार सहसा स्वतःच्या शब्दांत बोलतो. विधेयकांच्या बाबतीत मात्र या दाराशी फार काही पोचत नाही : 17 व्या लोकसभेत समित्यांकडे गेलेल्या विधेयकांचे प्रमाण 16 टक्क्यांच्या आसपास होते.

प्रश्न : खासदार निधी किती खर्च केला, तेही यात धरावे का?

नाही. तो वर्षाला पाच कोटी रुपयांचा असतो. खासदार फक्त काम सुचवतो, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची. निधी पडून राहिला तर दोष कधी खासदाराचा असतो, कधी कार्यालयातल्या फायलीचा. 2020-21 मध्ये कोविडमुळे योजनाच स्थगित होती, त्या वर्षाचे शून्य कोणाच्याही माथी मारू नका.