ऑफिसमधली सहकारी आवडते, तिला सांगावं का?

सांगा, पण ती तुमच्या हाताखाली काम करत असेल तर विषय तिथेच सोडा. जिचं अप्रेझल तुम्ही लिहिता, तिला मोकळेपणाने 'नाही' म्हणताच येत नाही.

तसं नसेल तरी थेट प्रेमाची कबुली नको. ऑफिस सुटल्यावर, "शनिवारी कॉफीला येशील? कामाचं काही नाही, तुझ्याशी गप्पा मारायला आवडेल," एवढंच. ऑफिसच्या चॅटवर तर मुळीच नको, ते कंपनी वाचू शकते. मी शहाण्याने एकीला जिन्यात गाठून सगळं ओतलं होतं. त्यानंतर दोन महिने ती लिफ्टनेच जायची.

"बघू, या आठवड्यात गडबड आहे" म्हणाली आणि दुसरा दिवस सुचवला नाही, तर ते 'नाही'च. पुन्हा विचारू नका आणि सोमवारी तोंडही चुकवू नका.