गंगटोकला जाताय? गाडी, परवाना आणि पहाट

प्रश्न : आम्ही सहा जण मे महिन्यात पाच दिवस गंगटोकला जातोय. दोघे सत्तरीतले आहेत, एक मुलगी नऊ वर्षांची. आम्ही रविवारी पोहोचतो आणि टूरवाल्याने सोमवारीच नाथुला ठेवलं आहे. चालेल का? (कोल्हापूर)

उत्तर : नाही. एक तर नाथुला, म्हणजे चीनच्या सीमेवरची खिंड, सोमवारी आणि मंगळवारी पर्यटकांसाठी बंद असते. त्या दिवशी तुम्हाला फार तर छांगू तलाव आणि बाबा मंदिर दाखवतील. तेव्हा पैसे भरण्याआधी ‘नाथुला’ म्हणजे नेमकं कुठपर्यंत, ते लिहून घ्या.

दुसरी अडचण उंचीची. गंगटोक सुमारे १,६५० मीटरवर आहे, छांगू ३,७५३ वर आणि नाथुला ४,३१० वर. म्हणजे पंचावन्न किलोमीटरच्या रस्त्यात, तीनेक तासांत तुम्ही अडीच हजार मीटरपेक्षा जास्त चढता. प्रवासाने थकलेल्या शरीराला हे पहिल्याच दिवशी झेपत नाही. सोमवार शहरात घालवा, मंगळवारी रुमटेकचा मठ करा, बुधवारी नाथुला. गुरुवार मोकळा ठेवा. पावसाने किंवा दरडीने बुधवारी रस्ता बंद झाला, तर हाताशी दुसरा दिवस राहतो. नाथुला शेवटच्या दिवशी ठेवणं ही नेहमीची चूक.

नाथुलाचा परवाना नोंदणीकृत एजंटमार्फतच निघतो, तोही आदल्या दिवशी. माणशी दोन पासपोर्ट आकाराचे फोटो आणि ओळखपत्राची प्रत लागते. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट न्या. पॅन कार्ड चालत नाही, आणि नुसत्या आधारवर विसंबू नका. मुलीचा जन्मदाखला घ्या. मूळ कागद बॅगेत हॉटेलवर ठेवून निघालात, तर थर्ड माइलच्या चौकीवर अडकाल. नाथुलाला रोज ठरावीकच गाड्या सोडतात, त्यामुळे कागद आदल्या सकाळीच एजंटकडे गेलेले बरे.

वयस्करांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. उंचीवर चालणारी अ‍ॅसेटाझोलामाइड ही गोळीही त्यांच्याच सल्ल्याने. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तर न विचारता घेऊच नये. वर गाडीतून उतरल्यावर पायऱ्या असतात. तिथे ‘लवकर वर जाऊन येऊ’ म्हणून जो पळतो, त्याचंच डोकं दुखू लागतं. दहा पायऱ्या, थांबा, पुन्हा दहा. ऑक्सिजनचा डबा काही मिनिटांचा आधार देतो, पण उलट्या किंवा तोल जाणं सुरू झालं की एकच उपाय : खाली उतरणं.

म्हणूनच तुमच्यासारख्यांनी शेअर जीप घेऊ नये. एकाला त्रास झाला म्हणून बाकीचे प्रवासी परत फिरणार नाहीत. पूर्ण गाडी रिझर्व्ह करा, आणि आजारी माणसाला घेऊन लगेच उतरायचं, हे ड्रायव्हरशी निघतानाच बोलून ठेवा.

प्रश्न : सिलिगुडीहून घेतलेली गाडीच पाचही दिवस ठेवली, तर स्वस्त पडेल ना? (नाशिक)

उत्तर : कागदावर स्वस्त. पण पश्चिम बंगालच्या नंबरची टॅक्सी गंगटोकात तुम्हाला स्टँडपर्यंतच सोडते. पुढे स्थानिक गाडीच घ्यावी लागते. शहरात छोट्या टॅक्सीत चौघेच बसतात, म्हणजे सहा जण असाल तर दोन लागतील. एम. जी. मार्गावर वाहनांना बंदी आहे, त्यामुळे हॉटेल त्याच रस्त्यावर असेल तर सामान थोडं उचलावं लागेल.

‘सात पॉइंट’, ‘दहा पॉइंट’ या जाहिरातींच्या आकड्यांवर जाऊ नका. दहा ठिकाणी वीस-वीस मिनिटं थांबण्यापेक्षा ताशी व्ह्यू पॉइंट, गणेश टोक, हनुमान टोक, दो द्रुल चोर्तेन हा बौद्ध स्तूप आणि तिबेटॉलॉजीची संस्था एवढंच नीट पाहा. आणि निघायचं पहाटे. इथे मे महिन्यात पावणेपाचच्या सुमारासच उजाडतं. आपल्या सवयीने नाश्ता करून नऊला निघालात, तर कांचनजंगा (८,५८६ मीटर) ढगात गेलेली असते. मेमध्ये धूसरही फार असतं. शिखर हाच हेतू असेल, तर ऑक्टोबर ते डिसेंबर गाठा. मात्र डिसेंबरात पावणेपाचला सूर्य मावळतो, तेव्हा परतीचा हिशेब दुपारीच करा.

प्रश्न : मला घाटात गाडी लागते. काय करावं? (पुणे)

उत्तर : मधल्या रांगेत किंवा पुढे बसा, मागच्या आडव्या बाकावर नको. नजर समोरच्या रस्त्यावर, मोबाइल खिशात. रिकाम्या पोटी निघू नका आणि तेलकटही खाऊ नका. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : परतीचं विमान बागडोगराहून दुपारी दोनला. सकाळी आठला निघालं तर? (सांगली)

उत्तर : अंतर सुमारे १२५ किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर साडेचार-पाच तास, म्हणजे आठला निघालात तर चेक-इनची वेळ हुकू शकते. पहाटे पाचला निघा. पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच सिलिगुडीत मुक्काम करा. राष्ट्रीय महामार्ग १० तीस्तेच्या काठाने जातो आणि दरडींनी वारंवार बंद पडतो. मग गाड्या कालिम्पाँग-लाव्याकडून वळवतात आणि काही तास सहज वाढतात.