लेकीचं आमेन आणि आईचा कोरडेपणा

"लेक डोळे मिटून प्रार्थना करते आणि मी नुसती बघत बसते. तोंडाने आमेन म्हणते, पण आत काही हलत नाही. मी ढोंग करतेय का?" समुपदेशनात ख्रिस्ती आईवडिलांकडून हा प्रश्न पुष्कळदा येतो. या बाई अडतिशीच्या, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवार शाळा (मुलांचे धर्मशिक्षणाचे वर्ग) घेणाऱ्या. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या भेटीत देवाविषयी बोलणं झालंच नाही. झोप, भूक, कामातला रस, हसणं यांची चौकशी झाली. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याला डॉक्टर लागतो. तिथे 'प्रार्थना वाढवा' असं सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. बाईंचं तसं नव्हतं. मैत्रिणींत त्या खळखळून हसत, उपासनेला बसलं की मात्र आत कुलूप. कधीपासून? बऱ्याच वेळाने उत्तर आलं: वडील गेले तेव्हापासून, म्हणजे 14 महिने. आजारपणात उपास-प्रार्थना झाल्या होत्या, साऱ्या मंडळीने गुडघे टेकले होते. त्यानंतर बाईंनी देवाकडे मागणंच सोडलं. स्तुती आणि आभार तेवढे चालू. ज्याच्यावर राग धरलाय त्याच्याशी माणूस असंच बोलतो, अगदी सभ्यपणे.

लेक 6 वर्षांची. तिच्या प्रार्थनेत हलणाऱ्या दाताबद्दल आभार, शेजारच्या मांजरीला पिल्लं नीट होऊ देत अशी विनंती, आणि शेवटी आजोबांचं नाव. गेलेल्यांसाठी कॅथलिक प्रार्थना करतात, बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या करत नाहीत; बाई प्रॉटेस्टंट, म्हणून त्या तिला तिथे थांबवत. एकदा लेक म्हणाली, "मी मागत नाहीये गं. आजोबांना सांग म्हणतेय, माझा दात पडणार आहे."

हे सांगताना बाई पहिल्यांदा रडल्या.

अशा वेळी मुलाच्या श्रद्धेला टेकून उभं राहावंसं वाटतं, आणि तिथेच जपावं लागतं. आईला बरं वाटावं म्हणून प्रार्थना करणं हे मुलाचं काम नव्हे. शिवाय तीन ते सात या वयात आपल्या मनात आलं म्हणून बाहेर घडलं, असं मुलांना सहज वाटतं. म्हणून लेकीला सरळ विचारायला सांगितलं: आजोबा का गेले असं तुला वाटतं? उत्तर आलं, "त्या रात्री मी प्रार्थना न करता झोपले होते." बाईंनी तिला जवळ घेऊन सांगितलं, "आजोबा आजाराने गेले. तुझ्या प्रार्थनेत काही कमी नव्हतं." पुढच्या भेटीत त्या म्हणाल्या, वाक्य तिच्यासाठी होतं, पण ऐकलं मी.

त्यानंतरचा क्रम साधा होता. रात्री पाचेक मिनिटं, त्याहून जास्त नाही. आधी लेकीची प्रार्थना, एकही शब्द न सुधारता. मग आईचं एकच वाक्य, पण खरं. "प्रभू, मला बाबांची आठवण येते" हे चालेल. देवावरचा राग मात्र लेकीसमोर नको, तिला तो पेलत नाही. त्यासाठी दिवसा एकटीने बायबलमधलं 13 वं स्तोत्र मोठ्याने वाचायचं. सहाच वचनं, सुरुवातच 'किती वेळ' अशा तक्रारीने. 13 व्याचा शेवट गाण्याकडे वळतो. तो खोटा वाटला, तर 88 वं घ्यावं, ते अंधारातच संपतं. पवित्र शास्त्रात तक्रारीला एवढी जागा आहे, हे रविवार शाळा घेणाऱ्यांनाही पुष्कळदा नव्याने कळतं. शिकवण्यातून दोन महिने रजा घ्यायलाही सुचवलं. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) खळखळ न करता दिली.

दुसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. बाईंनी प्रार्थनेचा व्हिडिओ काढून नातेवाइकांना पाठवला. कौतुक झालं, आणि लेकीची प्रार्थना लांबली, मोठ्यांच्या शब्दांची झाली. मांजर गायब! मोबाईल खोलीबाहेर ठेवल्यावर चार-पाच दिवसांनी ती परत आली, या वेळी पिल्लांच्या नावांसकट. ती प्रार्थना ऐकताना बाईंना डोळे मिटलेले असतानाच हसू फुटलं. पूर्वी त्यांनी स्वतःला दटावलं असतं.

सहाव्या भेटीपर्यंत कोरडे दिवस संपले नव्हते, आठवड्यातून दोन-तीन असायचे. पण आदल्या रात्री लेक प्रार्थनेआधीच झोपून गेली होती. बाईंनी दिवा मालवला, तिथेच बसल्या, आणि मांजरीपासून सुरुवात केली.