दुप्पट कामाचा सल्ला मी मागे घेते

नायगाव, दादर

प्रिय पोरी,

जय भीम. रविवारी माझ्याकडे तुझा रक्तदाब १५२/९६ भरला आणि तू म्हणालीस, "मशीन बिघडलंय, मॅडम." तू गेल्यावर मी माझा मोजला. मशीन ठीक आहे.

वय २७. मूत्रपिंड, थायरॉईड सगळं तपासायचंच. पण जेवताना तू हसत हसत जे सांगितलंस, तेही केसपेपरवर यायला हवं. नवीन माणसाचा पहिला प्रश्न, "प्रवेश परीक्षेत रँक किती होती?", म्हणजे आरक्षणातून आलीस का, हे चाचपणं. राउंडला तुझ्या पेशंटबद्दल दुसऱ्याच कुणाला तरी विचारणं. आणि उद्या कोण काय बोलेल, याचा हिशेब करत रात्री एकपर्यंत जागं राहणं.

पहिल्या वर्षी तू रडत आलीस तेव्हा मी म्हणाले होते, "दुप्पट काम करून दाखव, तोंडं आपोआप बंद होतील." बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत माझ्या वडिलांनी मला हेच सांगितलं होतं. मी केलंही तसंच. एक्केचाळिसाव्या वर्षी मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि तोंडं काही बंद झाली नाहीत.

अमेरिकेत शर्मन जेम्स नावाच्या संशोधकाला एक काळा शेतकरी भेटला. वेठीसारख्या कुळशेतीतून स्वतःला सोडवून, ४० वर्षांचं कर्ज ५ वर्षांत फेडून, त्यानं ७५ एकर जमीन केली. पन्नाशी सरताना त्याला उच्च रक्तदाब, संधिवात, आणि असा अल्सर, की जठराचा ४० टक्के भाग कापावा लागला. त्याचं नाव जॉन हेन्री. तिकडच्या लोककथेतला जॉन हेन्री म्हणजे हातोडा घेऊन वाफेच्या यंत्राशी पैज लावणारा, जिंकणारा आणि जिंकल्या जागी कोसळून मरणारा काळा मजूर. १९८३ मध्ये जेम्सनी दाखवलं की ज्या काळ्या पुरुषांची जिद्द मोठी, पण शिक्षण कमी, त्यांचा रक्तदाब चढा होता. पुढच्या अभ्यासांत हे सगळीकडे सारखं दिसलं नाही, हेही खरं. पण मला त्या शेतकऱ्यात माझे वडील दिसतात.

त्याच देशात आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ मध्ये मांडलं की वंशभेद सोसणारं शरीर लवकर झिजतं. गोऱ्या बायकांना विशीत मूल झालं तर ते किशोरवयातल्यापेक्षा सुखरूप; काळ्या बायकांमध्ये मात्र उलट दिसत होतं, कारण विशीपर्यंतच झीज सुरू झालेली. आपल्याकडे खाऱ्या हवेनं स्लॅबमधल्या सळया गंजतात ना, बाहेरून रंग ताजा असतानाच, तसं. कॉर्टिसॉल आणि अॅड्रिनलिन हे ताणाचे हार्मोन संकटापुरते चांगले. ते रोजच चढे राहिले की रक्तवाहिन्या कडक होतात, साखर बिघडते, आणि झोपेत १० ते २० टक्के उतरायला हवा तो दाब उतरत नाही. प्रत्यक्ष अपमान दोन मिनिटांचा असतो. त्याची वाट बघणं चोवीस तास चालतं, आणि मला जास्त भीती त्याचीच वाटते.

जात आणि वंश एक नव्हेत, मला ठाऊक आहे. पण "डॉक्टर झालीस, आता काय" असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा जवळ ठेव. आपल्याच देशातल्या नऊ राज्यांचा २०२२ चा अभ्यास आहे (महाराष्ट्र त्यात नाही). दलितांचं आयुर्मान सवर्ण हिंदूंपेक्षा ३ वर्षांहून अधिक कमी, आदिवासींचं ४ हून अधिक. गरिबीनं यातलं निम्म्याहूनही कमी अंतर उलगडतं.

म्हणून सांगते. कुणाला दाखवण्यासाठी जास्तीची ड्यूटी घेणं आजपासून बंद. जे घडतं ते तारीख, वेळ, साक्षीदार यांसह वहीत लिही, म्हणजे ते रात्री डोक्यात घोळवत बसावं लागणार नाही. तक्रार करायची ठरवलीस तर एकटी जाऊ नकोस, मी येते. नाही करायची ठरवलीस तरी माझ्या नजरेत तू कमी होणार नाहीस. रक्तदाबाची गोळी घ्यावी लागली तर घे. त्यात हार कसली? आणि होस्टेलवर तुझ्यासारख्या आणखी तिघी आहेत म्हणालीस, त्यांचाही रक्तदाब मोज.

चोवीस तासांचं मॉनिटर मी भाड्यानं आणून ठेवलंय. शनिवारी ड्यूटी संपली की ये आणि रात्री इथेच झोप. झोपेतला आकडा मला बघायचाय.

तुझी,
मॅडम