आयरिश भाषा न शिकता आयरिश साहित्यावर संशोधन करता येईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: इंग्रजी घेऊन एम.ए. झालंय, येट्स, सिंज, जॉइस वाचून झालेत, आता आयर्लंडवर पीएच.डी. करायचीय. त्यासाठी आयरिश शिकायलाच हवी का, की अनुवादांवर भागेल? आणि दुष्काळ-स्थलांतराचा इतिहास किती वाचायचा?

जॉइसपुरतं भागेल. त्यापलीकडे गेलात तर अडेल.

मी प्राध्यापक नाही, हे आधीच सांगतो. नऊ वर्षं आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी करतोय. पहिल्या हिवाळ्यात दुपारी साडेचारलाच अंधार पडायला लागला, घरी बसून काय करायचं म्हणून आयरिशच्या संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं, आणि मग त्यातच गुंतलो. नोकरी सांभाळून दोन वर्षांचा अभ्यासक्रमही केला.

त्या अभ्यासक्रमातला माझा पहिला निबंध होता आर्ट ओ'लिअरीच्या शोकगीतावर. ४ मे १७७३ रोजी हा तरुण याच कॉर्क काउंटीत गोळी लागून मेला. तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात कप्तान होता आणि तिकडून एक देखणी घोडी घेऊन आला होता. कॅथलिक माणसाला पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडा बाळगायला तेव्हा कायद्याने बंदी होती. पाच पौंड घे आणि घोडी दे, असं एका प्रोटेस्टंट अधिकाऱ्याने म्हटलं, आर्टने नकार दिला आणि तिथून वैर पेटलं, असं लोक सांगत आलेत. घोडी रिकाम्या खोगिराने घरी आली. बायको आयलीन तिच्यावर बसून त्याच्यापाशी पोचली आणि त्याचं रक्त ओंजळीने प्यायली. तिने केलेला शोक तो हाच.

मी इंग्रजी अनुवाद समोर ठेवून ‘प्रियकराला घातलेली साद’ वगैरे तीन पानं लिहिली. बाईंनी एवढंच विचारलं, “तिथे मूळ शब्द काय आहे?” मला सांगता येईना. मुळात एके ठिकाणी हाक आहे ती शब्दशः ‘माझ्या मित्रा, माझ्या वासरा’ अशी. बऱ्याच अनुवादांत वासरू जातं आणि नुसता ‘लाडका’ उरतो. मराठी माणसाला ‘वासरा’ हे फोड करून सांगावं लागत नाही, आणि मी मात्र इंग्रजीच्या आडोशाला बसून ते हुकवलं होतं!

गोष्ट एका शब्दावर थांबत नाही. या हाका मयतावर शोक गाणाऱ्या बायकांच्या ठेवणीतल्या. चर्चचा विरोध पत्करून या बायका पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत होत्या. हे गीत कागदावर आलं तेही आर्टच्या मृत्यूनंतर काही दशकांनी, मिलस्ट्रीट भागातल्या अशाच एका बाईच्या तोंडून. मग ते आयलीनचं किती, परंपरेचं किती आणि उतरवून घेणाऱ्याचं किती? अभ्यासकांत यावर अजून वाद आहे. या वादात बोलायचं तर भाषा हवी, शोकाची रीत माहीत हवी आणि कॅथलिकांवरचे कायदेही माहीत हवेत. आयर्लंडच्या बाबतीत साहित्य, भाषा आणि समाजेतिहास अशा वेगळ्या खोल्या नाहीतच.

आता भाषा गेली कशी. यासाठी १९०१च्या जनगणनेचे घरोघरचे तक्ते बघा, आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ते फुकट खुले केलेत. शेवटच्या रकान्यांत एक रकाना आयरिश भाषेचा आहे. फक्त इंग्रजी येत असेल तर तो कोरा सोडायचा, अशी सूचना होती. वर्गात मला गॉलवेतलं एक घर आलं होतं. आजीपुढे ‘आयरिश’, मुलगा-सुनेपुढे ‘आयरिश आणि इंग्रजी’, आणि खाली पाच नातवंडांपुढे काहीच नाही. तीन पिढ्या, एक छप्पर. त्या कागदाशी मी बराच वेळ बसलो होतो.

‘इंग्रजांनी भाषा मारली’ हे वाक्य तिकडेही सर्रास ऐकू येतं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. १८३१पासूनच्या सरकारी शाळा इंग्रजीतून चालल्या हे खरं. १८४५नंतरच्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तेवढीच बोटीत बसली, आणि मार सगळ्यात जास्त बसला तो आयरिश बोलणाऱ्या पश्चिमेकडच्या गरिबांना, हेही खरं. पण मुलाच्या गळ्यात काठी अडकवायची, तो आयरिश बोलला की तिच्यावर खाच पाडायची आणि संध्याकाळी खाचा मोजून मार द्यायचा, या शिक्षेत आई-बापांचाही हात असे. पोर उद्या बॉस्टनला जाणार, तिथे इंग्रजीच लागणार, असा तो हिशेब.

१८५१च्या जनगणनेने भाषेचा प्रश्न पहिल्यांदा विचारला, तेव्हा पंधरा लाखांवर लोकांनी आयरिश येते म्हणून सांगितलं. हा आकडा कमीच असणार, कारण प्रश्न तक्त्याच्या तळटीपेत होता आणि भाषेची लाजही होती. त्याआधीचं चित्र काढायला गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी १८८१च्या जनगणनेतले वयवार आकडे घेतले. त्या वर्षी साठीत असलेल्यांपैकी किती जणांना आयरिश येते ते पाहिलं, की १८२०च्या सुमाराला जन्मलेली किती मुलं ती शिकली याचा अंदाज येतो. असं एकेका दशकाने मागे जायचं. हा निबंध १९८४मध्ये छापून आला तेव्हा लेखक आयर्लंडचे पंतप्रधान होते. (आपल्याकडे असं कुणी आठवतंय का?)

भारतातून आलोय म्हणून बिचकू नका. या विद्येत आपल्या बाजूशी नातं असलेली माणसं पहिल्यापासून आहेत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ ज्यांच्या कारकिर्दीत झाला ते व्हाइसरॉयच्या मंडळातले कायदेसदस्य व्हिटली स्टोक्स हे डब्लिनचे. दिवसा कायद्यांचे मसुदे करायचे आणि उरलेल्या वेळात जुन्या आयरिश पोथ्या संपादून चक्क कलकत्त्यात आणि सिमल्यात छापायचे. भारताच्या भाषा सर्वेक्षणात सातवा खंड मराठीला देणारे ग्रिअर्सनही डब्लिनचेच. त्यांचे ट्रिनिटी कॉलेजातले संस्कृतचे गुरू रॉबर्ट अ‍ॅटकिन्सन यांनी स्वतः जुने आयरिश ग्रंथ संपादले होते. तरी १८९९मध्ये शाळेत आयरिश शिकवावी का यावर साक्ष द्यायची वेळ आली, तेव्हा लोककथा मुळातच ओंगळ असतात असं ते बोलून गेले. विद्वत्ता आणि आपुलकी एकाच माणसात असेलच असं नाही.

जुन्या आयरिश कायद्यात बड्या माणसाकडून येणं वसूल करायचं तर आधी त्याच्या दारात उपाशी बसावं लागे, आणि त्या उपोषणाला दाद न देणारा समाजातले आपले हक्क गमावून बसे. कायद्याच्या इतिहासाचे इंग्रज अभ्यासक हेन्री मेन यांनी १८७५मध्ये याची तुलना आपल्या धरण्याशी केली. (१८०९च्या सुमाराला शिंद्यांच्या छावणीतलं धरणं ब्रॉटन नावाच्या इंग्रजाने बघून लिहून ठेवलंय.) दोन्ही रीती एकाच इंडो-युरोपीय मुळातून आल्या असं मानणारे आहेत. मला ते पटत नाही. दुबळ्याला दुसरं हत्यार नसलं की हे कुठेही सुचेल. पण विषय नादावणारा आहे खरा.

आता कामाचं. आधी आधुनिक आयरिश शिका, प्राचीन नको. प्राचीन आयरिशची क्रियापदं माणसाला रडवतात आणि तिथे संस्कृत येत असलं तरी फारसा आधार मिळत नाही. २०२२च्या जनगणनेत पावणेएकोणीस लाख लोकांनी आयरिश येते असं लिहिलं, पण शाळेबाहेर रोज बोलणारे सुमारे बहात्तर हजारच. त्यामुळे बोलायला माणूस शोधावा लागतो. तो ऑनलाइन सापडतो. वाचायला शालेय लोकसाहित्य संग्रह घ्या. १९३७ ते १९३९ या काळात जवळपास पन्नास हजार मुलांनी गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरल्या, त्या आज ‘डूखस’ या संकेतस्थळावर आहेत. मुलांचं अक्षर, साधी वाक्यं, नवशिक्याला सोयीचं. फक्त त्यातली लिपी आणि शुद्धलेखन जुनं आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर दोन्ही बदललं, म्हणून नव्या कोशात शब्द सापडत नाहीत आणि आपणच चुकलो असं वाटतं. अशा वेळी दिनीन यांचा १९२७चा कोश काढायचा.

दोन वर्षं रोज तासभर दिलात तर कोश हाताशी घेऊन विसाव्या शतकातलं गद्य वाचता येईल. आणि मार्गदर्शकाला पहिलं पत्र लिहाल तेव्हा ‘आयरिश शिकण्याची इच्छा आहे’ असं लिहू नका. आजच सुरुवात करा आणि पत्रात कितव्या धड्यावर आहात ते लिहा.